मागच्या काचेवरचा मोतीलाल

केशव सरांच्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल रेडियमचं स्टिकर दिसलं, त्या दिवशी डोमाजी मिस्त्रीनं दुपारची भाकर खाल्ली नाही.

देवकाबाईनं ताट वाढलं, झाकलं, उघडून पाहिलं, पुन्हा झाकलं.

"काऊन, पोट दुखते काय?"

"नाई."

"मंग?"

"भूक नाई."

भूक होती. पण घशाशी मोतीलाल बसला होता.

स्टिकर चांगलं वीतभर लांब. 'मोतीलाल ऑटो केअर, बोरगाव मेघे'. त्याखाली चारी पाय हवेत टाकून धावणारा घोडा, घोड्याखाली मोबाईल नंबर. आणि लावलं कुठं, तर काचेच्या बरोब्बर मधोमध. कोपऱ्यात असतं तर डोमाजीनं एखाद वेळेस मान वळवून घेतली असती. मधोमध म्हटल्यावर मान कुठं वळवणार?

"पंख्याचा पट्टा तुटला हो वाटेत," सर सांगत होते. "आणि हा मोतीलाल घरापासून तीन मिनिटांवर. पट्टा टाकून दिला त्यानं, वर हे चिकटवलं. मी म्हटलं, राहू द्या." एखाद्यानं दिवाळीचं कॅलेंडर हातात ठेवावं आणि आपण ते घरी न्यावं, इतक्या सहज सर बोलून गेले.

"चांगलं हाये," डोमाजी म्हणाला आणि नसलेला पाना शोधायला शेडच्या मागे गेला.

आता ही गाडी कोणती, ते सांगायला हवं. मारुती आठशे, अठ्ठ्याण्णव सालची. घेतली तेव्हा पांढरी होती, आता कवडीच्या रंगाची. केशव सर तेव्हा देवळीच्या शाळेत गणित शिकवत. गाडी आली त्याच आठवड्यात सरांनी ती बस स्टँडामागच्या डोमाजीच्या शेडमध्ये आणून उभी केली आणि म्हणाले, "मिस्त्री, मला यातलं काही कळत नाही. माझं गणित, तुमची गाडी." सरांनी हे असंच म्हटलं असेल. डोमाजीनं मात्र ते खरं धरलं. सव्वीस वर्षांत त्या गाडीचं इंजिन दोनदा खोललं गेलं, दोन्ही वेळा डोमाजीच्या हातानं. कोणता नट किती आवळतो, ते त्याच्या बोटांना पाठ होतं. गाडी स्टँडच्या वळणावर असतानाच तो खाली वाकल्या वाकल्या म्हणायचा, "सर आले." आणि सर यायचे.

दोन वर्षांमागं सर रिटायर होऊन वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला नव्या घरात राहायला गेले. देवळीपासून सतरा-अठरा किलोमीटर. तरी गाडी सर्व्हिसिंगला देवळीलाच यायची. डोमाजी हे गिऱ्हाइकांना ऐकवायचा. कोणी टायर बदलायला आलं तरी ऐकवायचा.

आणि आता काचेवर घोडा.

दुसरा कोणी असता तर एवढं लागलं नसतं. पण मोतीलाल. चाळीस वर्षांपूर्वी वर्ध्याला नत्थूजी उस्तादांच्या गॅरेजात हे दोघं एकाच दिवशी कामाला लागले, एकाच बादलीत हात धुतले, एकाच डब्यातलं ग्रीस नखात घेऊन घरी गेले. नत्थूजी गिऱ्हाइकांसमोर हसत हसत म्हणायचे, "मोत्याचे कान अन् डोम्याचे हात. दोन्ही मिळून एक पुरा मिस्त्री होते." झालं. म्हातारा मजेत बोलून मोकळा झाला, चहा प्यायला आणि पुढं कधीतरी वारलाही. डोमाजीच्या डोक्यात मात्र ते वाक्य चाळीस वर्षं वाजत राहिलं. हात काय, हात सगळ्यांनाच असतात. शिंप्याला असतात, न्हाव्याला असतात. इंजिनाचं दुखणं ऐकू येणं ही खरी मिस्त्रीगिरी, आणि ती उस्तादांनी मोत्याच्या पदरात टाकली.

मोतीलालची नक्कल डोमाजी फार झकास करायचा. मान डावीकडे कलती, डोळे मिटलेले, एक हात हवेत, आणि बोली निम्मी हिंदी. "चूप रहो भैया, चूप. बोलून राह्यली ते. काय म्हणते माहीत हाये काय? म्हणते, भाऊ, मले दोन नंबरमें तकलीफ हाये."

देवकाबाई पदर तोंडाशी धरून हसायची. "तुमी तर मोतीलालपेक्षा चांगला मोतीलाल करता."

यावर डोमाजी आधी खूश व्हायचा आणि मग अर्धा दिवस फुगून बसायचा.

स्टिकर दिसलं त्या संध्याकाळी तिनं सरळच विचारलं. "मी म्हणते, मोतीलाल तुमची सवत होय काय?"

"काही बोलतं तू."

"काही नाई. मी माहेरी महिनाभर राह्यली तवा तुमी दोन टाइम जेवत होते. सरांची गाडी पट्टा टाकाले घडीभर दुसऱ्याच्या दारात उभी राह्यली, तं ताट झाकून ठेवा लागलं."

"पट्ट्याची गोष्ट नाई वं. आज पट्टा टाकला, उद्या ऑइल बदलीन, परवा म्हणन, इंजिन खोलतो."

"खोलू द्या. तुमचं काय लागते ते?"

डोमाजी टीव्ही लावून बसला.

मग आला पोळा.

डोमाजी मूळचा शेतकऱ्याच्या घरचा. धाकटा भाऊ सचिन शेती पाहतो. सहा वर्षांपूर्वी त्यानं बैलजोडी विकली आणि सगळं काम ट्रॅक्टरवर नेलं. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बैलांचे खांदे शेकायच्या दिवशी, डोमाजीला घरात करमेना. हळद होती, तूप होतं, पळसाची पानं होती, खांदे नव्हते. नेमकी तेव्हा सरांची गाडी शेडमध्ये ब्रेकसाठी उभी होती. डोमाजीनं वाटी उचलली आणि बॉनेटच्या दोन्ही कडांना, जिथं गाडीचे खांदे असावेत असं त्याला वाटलं तिथं, तीन बोटांनी हळद ओढली. सर आले, त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे. ओझं तीच वाहते." तेव्हापासून दरवर्षी खांदशेकणीला सर गाडी घेऊन येत. सरांच्या पत्नी सुमतीबाई सोबत नारळ पाठवत. हा दिवस डोमाजीचा होता. वर्ध्याचे सगळे मोतीलाल एका बाजूला आणि हा दिवस एका बाजूला.

पण यंदा मागच्या काचेवर घोडा होता, आणि बॉनेटच्या कडेला नुसती तीन बोटं ओढणं डोमाजीला कमी वाटू लागलं.

"वरून हळद तं कोणीबी लावते," तो देवकाबाईला म्हणाला. "तो मोत्याबी दसऱ्याले लावते, अन् मोबाईलात फोटो काढते. खांदे आत असतात गाडीचे. आत."

"मंग आत लावा."

"वाटी मोठी दे."

देवकाबाईनं मोठी वाटी दिली. तूप तेवढंच होतं, म्हणून तिनं हळदीत चांगलं अर्धी वाटी कोमट पाणी ओतलं. "येवढं तूप तं आमी जावयाले नाई वाढत," एवढंच बोलली.

डोमाजीनं बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या कडेला हळद लावली, एअर फिल्टरच्या गोल झाकणावर लावली. इंजिनाच्या बाजूला एक काळी टोपी असते, जिथून तिन्ही प्लगांना आळीपाळीनं करंट वाटला जातो. तिच्यावर तर त्यानं जास्तच प्रेमानं लावली. तीन वायरी, तीन बोटं, तीन पिवळ्या रेघा. सर हात जोडून उभे होते. मग डोमाजी बाजूच्या आरशाशी वाकला आणि बैलाच्या कानात सांगतात तसं हळू म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

"आरसा म्हणजे तिचा कान की डोळा?" सरांनी विचारलं.

"दोन्ही होय, सर. तिले मागचं दिसतेबी अन् ऐकूबी येते."

मागचं म्हणताना त्याची नजर घोड्याकडे गेली.

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, लहान पोरांचे लाकडी बैल माळ्यावर गेले. नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला.

"डोमाजी, गाडी मिसिंग मारते हो. सकाळी सुरू केली की अशी थरथरते, समोरचा आरसा हलतो. दुपारी नेली की काही नाही, एकदम शहाणी. सुमती म्हणते, गाडीलाही तुमच्यासारखं सकाळी उठवत नाही."

"फोन धरा तिच्यापाशी," डोमाजी म्हणाला.

सरांनी फोन बॉनेटपाशी धरला. इकडं डोमाजीनं एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानाला फोन दाबला आणि, देवकाबाईनं पाहिलं, मान अगदी डावीकडे कलती करून डोळे मिटले.  भुक् भुक्, मग गप्प. भुक् भुक्, मग गप्प. तीन सिलिंडरांपैकी दोन काम करत होते, तिसरा नुसता हजेरीला होता.

"एक मेलेला हाये, सर. आजच आणा."

 मग सर शाळेतल्या पालकांशी बोलत तसं जपून बोलू लागले. "म्हणजे असं आहे, डोमाजी. जवळ म्हणून मोतीलालला दाखवली. दोनदा. त्यानं प्लग नवे टाकले, कार्बोरेटर साफ केला. दोन दिवस बरी होती, पाऊस आला की पुन्हा तेच. आता शनिवारी खोलून पाहू म्हणतो. इंजिन."

डोमाजीनं फोन या हातातून त्या हातात घेतला.

"सर, खोलाच्या आधी मले एकदा दाखवा. आज नाई तं गुरुवारी आणा. नाई जमलं तं तुमी मोकळे. मंग जिथं न्या लागन तिथं न्या, मी काही म्हणणार नाई. गाडीबी तिकडं अन् पोळाबी तिकडं."

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं, पण ते निघून गेलं. सर "बघू, बघू" म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे शुक्रवार संध्याकाळपर्यंत दुखणं सापडलं तर गाडी डोमाजीची. नाहीतर शनिवारी मोतीलाल त्याच्या हातानं आवळलेले नट एक एक करून सोडणार, ताटात मांडणार आणि मान कलती करून म्हणणार, चूप रहो भैया.

गुरुवारी अकरा वाजता गाडी आली. ऊन असं कडक पडलेलं की टिनाचं शेड चटचट वाजत होतं. गाडी वळणावरून आली ती मऊ, गुळगुळीत, एकसारखी. एवढ्या वर्षांत डोमाजीला पहिल्यांदा वाटलं, थोडी थरथरली असती तर बरं झालं असतं.

"बघा," सर ओशाळून म्हणाले. "डॉक्टरच्या दारात ताप उतरतो, तसं झालं."

"ठेवून जा. सकाळी पाह्यतो. उद्या चार वाजता या."

सर एसटीनं परत गेले. गाडी शेडमध्ये राहिली, आणि डोमाजी दिवसभर तिच्याभोवती असा फिरला, जसा माहेरी आलेल्या लेकीभोवती बाप फिरतो आणि सासरच्या खोड्या शोधतो. आधी त्यानं प्लग काढले. मोतीलालनं काहीतरी स्वस्तातलं घातलं असणार, ठिणगीच्या टोकांमधलं अंतर चुकलेलं असणार. प्लग उत्तम होते. अंतर इतकं नेमकं की मोजायची पट्टी त्यात लोण्यासारखी गेली. त्यानं कार्बोरेटर पाहिला. आरशासारखा. त्याच्या स्क्रूंच्या डोक्यांवर एक ओरखडा नाही. घाईचा मिस्त्री पेचकस घसरवतो, डोमाजी स्वतःही कधी कधी घसरवतो. मोतीलालचा घसरला नव्हता.

म्हणजे कानही त्याचे आणि आता हातही त्याचेच. डोमाजीनं प्लग परत बसवले, जरा जास्तच जोरात.

"काय सापडलं?" देवकाबाईनं जेवताना विचारलं.

"काही नाई."

"मोतीलालनं काही बिघडवलं?"

"काहीच नाई बिघडवलं," डोमाजी एवढ्या दुःखानं म्हणाला की तिनं त्याच्या वाटीत अजून एक पळी वरण घातलं.

शुक्रवारी सकाळी आभाळ खाली आलं होतं. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, कोरडं म्हणावं तर शटरला हात लावला की ओला होत होता. डोमाजीनं चावी फिरवली. गाडी उठली आणि खाटेवरून पडल्यासारखी थरथरू लागली. भुक् भुक्, गप्प. भुक् भुक्, गप्प. पाना ठेवलेल्या ताटलीतले नट नाचायला लागले.

"आली," डोमाजी म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं बॉनेटवर थाप मारली.

पहिलं काम कागदाचं. कॅलेंडरचं जुनं पान त्यानं सायलेन्सरच्या नळीपुढं धरलं. पान आत ओढलं जात असेल तर व्हॉल्व जळला, मग इंजिन खोलावंच लागेल. पान ओढलं गेलं नाही, नुसतं अडखळत अडखळत बाहेर उडत राहिलं. डोमाजीच्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं. खोलायची गरज नव्हती. दुखणं आत नव्हतं, करंटमध्ये होतं.

दुसरं काम वायरींचं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा हाताला गुंडाळून त्यानं पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे पहिला कामाचा. परत लावली. दुसरी उपसली, काहीच फरक पडला नाही. दोन नंबर मेलेला. "भाऊ, मले दोन नंबरमें तकलीफ हाये," तो आपसूक मोतीलालच्या आवाजात बोलला आणि मग आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही.

प्लग नवा, वायर चांगली. मग करंट जातो कुठं?

तेवढ्यात पावसाची सर आली आणि पाण्याचे थेंब आत यायला लागले, म्हणून त्यानं शटर कमरेपर्यंत खाली ओढलं. शेडमध्ये अंधारून आलं. तो गाडीकडे वळला आणि तिथंच थांबला.

काळ्या टोपीवर एक निळा किडा पळत होता. दोन नंबरच्या वायरीच्या बुडापासून निघायचा, टोपीवरून सरसर खाली यायचा आणि इंजिनाच्या लोखंडात नाहीसा व्हायचा. चट्, चट्, चट्. पुन्हा निघायचा, पुन्हा त्याच वाटेनं. डोमाजी वाकला. किड्याची वाट पिवळी होती. वाळून तडकलेली, धूळ खाऊन चिकट झालेली, दमट हवेत ओल धरलेली पिवळी रेघ. शेजारी तशीच दुसरी. तिच्या शेजारी तिसरी.

त्यानं आपला हात पुढं केला आणि तीन बोटं त्या तीन रेघांवर ठेवून पाहिली. करंटचा असा झटका बसला की तो ताटलीवर जाऊन आपटला आणि सगळे नट शेडभर पसरले.

आवाज ऐकून देवकाबाई चहाचा कप घेऊन शटरखालून वाकत आली.

"काय झालं?"

"सापडलं."

"काय?"

डोमाजीनं बोट दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. निळा किडा तिच्यासमोरही तीन-चारदा पळून दाखवून गेला.

"हे तं आपली हळद होय."

"हाव."

"पोळ्याची."

"हाव वं, हाव."

देवकाबाईनं कप टपावर ठेवला, पदर तोंडाशी नेला आणि खांदे हलवत हसायला लागली. "पाणी मी जास्त टाकलं होतं," ती कशीबशी म्हणाली. मग हसू आवरून, डोळे पुसून, कामाचं बोलली. "पुसून टाका. सरांले म्हणा, वायर ढिली होती. कोणाले समजते?"

डोमाजीनं गाडी बंद केली. पेट्रोलमध्ये फडकं बुडवलं, हळद पुसली, रेघेखालचा काळा ओरखडा ब्लेडनं खरवडला, टोपी कोरडी करून बसवली. गाडी सुरू केली. दमट हवा, बाहेर पाऊस, आणि इंजिन असं एकसारखं फिरू लागलं की टपावरच्या कपातला चहासुद्धा हलला नाही.

चार वाजेपर्यंत डोमाजीजवळ तीन वाक्यं तयार होती. एक, वायर ढिली होती. हे देवकाबाईचं. दोन, प्लग बसवताना कोणाचा तरी हात लागून वायर ढिली झाली असावी. हे त्याचं स्वतःचं, आणि त्याला ते पहिल्यापेक्षा पुष्कळ आवडलं होतं. तीन, सर, मी कोणाचं नाव घेत नाई, पण. या तिसऱ्यात पुढं काही नव्हतं, आणि तेच त्याचं वजन होतं. तिन्ही त्यानं शेडमध्ये म्हणून पाहिली, हातवाऱ्यांसकट.

सर आले. गाडी सुरू करून पाहिली, समोरच्या आरशात पाहिलं, आरसा हलत नव्हता.

"वा," सर म्हणाले. "काय होतं हो?"

"वायर..." डोमाजी म्हणाला.

"म्हणजे मोतीलालचं काही चुकलं?"

हा प्रश्न डोमाजी चाळीस वर्षं ऐकायला थांबला होता. कोणीतरी, कधीतरी, मोत्याचं चुकलं का, असं विचारेल, आणि आपण नुसती मान हलवू. मान हलवायला काही पडत नव्हतं. पण डोळ्यांसमोर ते प्लग आले. ते अंतर. ओरखडा नसलेले स्क्रू. ज्या कामावर तो अख्खा गुरुवार जळला होता, ते वाईट होतं असं म्हणायचं म्हणजे त्या जळण्याचीच किंमत जायची.

"नाई," तो म्हणाला. "त्याचं काम बेस्ट हाये. चूक माही होय." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. काळी टोपी, तीन बोटं, अर्धी वाटी पाणी, निळा किडा. सांगताना तो सरांकडे पाहत नव्हता, पायाजवळच्या एका नटाकडे पाहत होता. "तुमी नेत असान गाडी तिकडं, तं न्या. मी बोललो होतो, काही म्हणणार नाई. नाई म्हणत."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग गणित सुटल्यावर म्हणत तसं म्हणाले, "अच्छा. म्हणून तो तसं म्हणाला."

"कोण?"

"मोतीलाल. दुसऱ्यांदा नेली तेव्हा पाऊस होता, गाडी थरथरत होती. त्यानं बॉनेट उघडलं आणि नुसता पाहत उभा राहिला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, 'सर, हे पूजेचं हाये. याच्यावर मी कपडा नाई मारत. ज्यानं लावलं त्यालेच एकदा दाखवून आणा, तोच पुसन. तरीबी नाई जमलं तं शनिवारी पाहू खोलून.' मला वाटलं, देवाधर्माचं बोलतोय. मी तुम्हाला शेवटचंच तेवढं सांगितलं."

डोमाजीनं पायाजवळचा नट उचलला.

म्हणजे मोत्याला समजलं होतं. फडक्याचा एक हात मारायचा अवकाश, गाडी बरी झाली असती, आणि सरांना सांगता आलं असतं, तुमच्या देवळीच्या मिस्त्रीनं काय करून ठेवलं पाहा. गाडी जन्मभर त्याची झाली असती. त्यानं फडकं मारलं नाही. नाव घेतलं नाही. गाडी उलट देवळीला धाडली.

इतके दिवस डोमाजी मोत्याच्या फक्त कानांवर जळत होता. गुरुवारपासून हातांवरही जळायला लागला होता. आता हे तिसरं आलं, आणि याला काय म्हणायचं तेही त्याला सुचेना. उस्तादांनी याचं नावच घेतलं नव्हतं.

"मग पुढच्या खांदशेकणीला येऊ ना?" सरांनी विचारलं. "फक्त हळद बाहेरून लावा."

"या, सर," डोमाजी म्हणाला. आणि एकदम, "दहा मिनिट थांबा. चहा घ्या. देवका, सरांले चहा दे. मी आलो."

स्टँडासमोर धनंजयचं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेटा, आईचा आशीर्वाद, पोरांची नावं, सगळं तिथं कापून मिळतं. डोमाजी ओल्या पायांनी आत शिरला.

"काय मिस्त्री, नंबर प्लेट काय?"

"स्टिकर पाह्यजे. लाल."

"कोठी लावता? मागच्या काचेवर?"

"नाई. बॉनेटले. आतून."

धनंजयनं कॉम्प्युटरवरून मान वर केली. "आतून? आतून कोण पाह्यते, काका?"

"जो बॉनेट उघडन तो."

"बरं. लिहू काय?"

डोमाजीनं खिशातून कॅलेंडरचं ते पान काढलं, सायलेन्सरच्या धुरानं काळवंडलेलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर काउंटरवरच्या पेनानं एक एक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं आणि पुढं सरकवलं. धनंजयनं मोठ्यानं वाचलं. "'हळद पुसली. डोमाजी, देवळी.' येवढंच?"

"येवढंच. त्याले समजते."

"कोणाले?"

"तू काप."

मशीन किरकिर करत चालू झालं. डोमाजी काउंटरवर रेलून पाहत होता. अक्षरं निम्मी कापून झाली तेव्हा धनंजयनं विचारलं, "खाली डिझाइन टाकू काय? घोडा हाये, गरुड हाये, वाघ हाये. घोडा लय चालते."

"घोडा नोको." डोमाजी कॉम्प्युटरवर वाकला. "बैल हाये काय तुह्याजवळ?"

धनंजयनं बरंच खालीवर केलं. "नंदी हाये एक. महादेवाच्या देवळासाठी बनवला होता."

"चालते. अन् पाह्य," डोमाजीनं बोटांनी काउंटरवर वीत मोजली आणि तिच्यापुढं आणखी दोन बोटं ठेवली, "येवढा पाह्यजे. त्याच्या घोड्यापेक्षा मोठा दिसला पाह्यजे."